शेंदराखालचे तीन पट्टे

मित्रांनो, उधन्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभा असलेला, शेंदूर फासलेला लोखंडी खांब दिसला तर नमस्कार करू नका. मी देव नाही. मी यंत्रमागाचा एक जुना बीम आहे.

तरुणपणी सचिन गावातल्या कारखान्यात माझ्यावर ताण्याचे धागे गुंडाळले जात. वाकलो, तेव्हा भंगारात गेलो. तिथून मला मागावर काम करणाऱ्या धुडकूभाऊंनी उचललं. त्या वर्षी खाडीच्या पुरात वस्तीतले संसार वाहून गेले होते, आणि पाणी चढल्याचा सरकारी निरोप आला तो पाणी घरात शिरल्यावर! मग वस्तीनेच ठरवलं, आपलं आपण बघू. मला खाडीत रोवलं. शिलाईकाम करणाऱ्या गायत्रीने माझ्यावर तीन पट्टे रंगवले. पाणी पांढऱ्यावर म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे सामान बांधा, लाल म्हणजे शाळेकडे पळा. माझ्याकडे लक्ष ठेवायची रोज एका घराची पाळी. दोन पावसाळे कुणाची ताटलीसुद्धा वाहून गेली नाही. दुसऱ्या वस्त्यांमधून लोक मला बघायला येऊ लागले. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

तिथेच घात झाला. श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला बायका खाडीवर आल्या आणि वस्तीतल्या मालतीबाईंनी मला शेंदूर लावला.

"मालतीबाई, हाऊ देव नही शे, माप शे!" धुडकूभाऊ ओरडले.

"त्यानीच तं वाचाडं ना आपले, भाऊ? मंग?"

मी सांगितलं असतं, पण मला तोंडच नाही. पुढे भाऊंचं काम कडोदऱ्याला गेलं, तेही गेले. दर सणाला थर चढत गेला आणि पट्टे बुजले.

यंदा भर दुपारी पाणी चढलं. पाळी मालतीबाईंची होती. त्या आल्या, पट्टा शोधला नाही, हात जोडले. "तू उभा शे ना, मंग आमले कसानी भीती," म्हणाल्या आणि परत गेल्या. शेंदराखाली पाणी पिवळ्यावर आलं, मग लालवर आलं. मी काय करणार? संध्याकाळपर्यंत गायत्रीचं शिलाई मशीन गाळात बुडालं होतं. माणसं पत्र्यांवर चढली म्हणून वाचली.

पाणी ओसरल्यावर मालतीबाई रडत आल्या. मला वाटलं, आता तरी मला खरवडतील. "आमनं काय चुकनं, देवा?" म्हणाल्या, आणि शेंदराची अख्खी वाटी माझ्यावर रिकामी केली.

मित्रांनो, माझ्यावर माया असेल तर नारळ नको. येताना थोडं रॉकेल आणि एक फडकं आणा.