वाळवीनं नाकारलेलं लाकूड

माझी नणंद ठकुबाई उजवली ते साल एकोणीसशे अठ्ठावीस. लग्न वैशाखात लागलं आणि भर मांडवात व्याह्यांचं धोतर काळं झालं, म्हणून आमच्या पाली गावात ते साल पुष्कळ दिवस लोकांच्या तोंडी होतं.

त्याचं असं झालं. भोरजवळ धरणाचं काम संपत आलं होतं. दगड वाहायला तिथं रूळ टाकले होते, ते उपटले. रुळाखालची लाकडं मातीत कुजू नयेत म्हणून त्यांना डांबरासारखं काळं तेल पाजलेलं असे. ती लाकडं आता नकोशी झाली. माझे सासरे रखमाजी, त्यांना मी मामंजी म्हणायची, भोरच्या उस्मान गाडीवानाला गाठून ते लाकूड घरी घेऊन आले. उतरवून झालं तेव्हा उस्मानचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. तो हौदात हात बुडवून बसला.

मामंजी त्याला म्हणाले, "सायबाचं लाकूड हाय, उस्मान. शंभर वर्सं वाळवी लागायची न्हाई."

"न्हाई लागायची," उस्मान म्हणाला. "वाळवी शानी असती."

सगळे हसले. मीही हसले.

लग्नात वऱ्हाडाला बसायला तीच लाकडं मांडली. दुपारच्या उन्हानं त्यांना काळा घाम फुटला. ठकुबाईचे सासरे पंगतीला उठायला गेले तर धोतर लाकडाला चिकटलेलं. कुणीतरी मागून म्हणालं, "व्याह्यांनी बैठक लई घट्ट धरली." व्याही हसले नाहीत. ते डाग कशानं गेले नाहीत, आणि ठकुबाईला त्याचे टोमणे वर्षभर ऐकावे लागले.

लग्नानंतर मामंजींनी चांगल्या लाकडांची गोठ्यात गव्हाण केली. उरलेली फोडून सरपणासाठी माजघरात रचली. आमच्याकडे पावसात डोंगर दिसत नाही इतका पाऊस. सगळं सरपण भिजतं, चूल फुंकून बायकांचे डोळे जातात. हे लाकूड मात्र ओलं असलं तरी भडकायचं. माझी सासू सखूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, फार खूश होत्या. शेजारणींना बोलावून जाळ दाखवायच्या.

मला तेव्हा दिवस होते. जड अंगानं दूरची कामं होत नव्हती, म्हणून गोठा माझ्याकडे होता. मी बघत होते. गव्हाणीवर मुंगी चढत नव्हती. कोंबडी रात्री तिच्यावर बसत नव्हती. खोंड चाटायचं, त्याच्या नाकाची साल निघाली. लाळ गाळू लागलं, चारा टाकला, आणि आषाढात मेलं. मामंजी म्हणाले नजर लागली. मी म्हणाले गव्हाण लागली. आत्याबाईंनी मला आत घेतलं.

"रतने, पोटुशीच्या डोस्क्यात नाना यिचार येत्यात. मोठ्या मान्सापुढं बोलू नये."

माझी आई भोंगवलीला, माझ्या माहेरी, आधीच वारली होती. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. श्रावणात मुलगा झाला. त्याचं नाव पुढं गेनू ठेवलं.

बाळंतिणीची खोली कशी असते ते आताच्या मुलींना माहीत नाही. दार लावलेलं, झरोक्याला फडकं. बाजेखाली शेगडी. तिच्यात ओवा आणि शेपा टाकायच्या, आणि तो शेक, ती धुरी आई-लेकराला लागू द्यायची. पाचवी पुजेपर्यंत बाळाला बाहेरचा वारा दाखवायचा नाही, शेगडी विझू द्यायची नाही. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, अशी समजूत. मलाही ते मान्य होतं. शेक मला हवाच होता, कंबर दुखत होती.

पण आत्याबाईंनी शेगडीत काळं लाकूड घातलं.

पहिल्या दिवशी बाळाचे डोळे चिकटले. दुसऱ्या दिवशी ते दूध ओढताना मध्येच थांबायला लागलं, श्वास कुत्र्यासारखा भरभर. माझ्याही घशात खवखव होती, तोंडाला डांबराची चव. मी म्हणाले, "आत्याबाई, शेण्या घाला शेगडीत."

"शेण्या वल्ल्या हायती. ह्ये लाकूड न्हाई तर ह्या पावसात इस्तू कुठला?"

"मग शेगडी काढा."

"पाचवी व्हायची हाय अजून."

"पोराला धाप लागलीया."

"समद्यास्नी लागती. तुज्या नवऱ्याला बी लागली व्हती. त्यो मेला का?"

त्या वाईट बाई नव्हत्या. रात्र रात्र जागून त्यांनीच मला सांभाळलं होतं. त्यांना खरंच वाटत होतं की चांगलं सरपण त्या नातवासाठी राखतायत. माजघरातले सगळ्यात कोरडे तुकडे त्यांनी निवडून आणले होते.

चौथ्या दिवशी सकाळी बाळाचे ओठ निळसर दिसले. अंघोळीच्या पाण्याचा हंडा बाजूलाच होता. मी बाजेवरून उतरले आणि हंडा शेगडीवर ओतला. खोलीभर वाफ झाली. आत्याबाई भिंतीला टेकल्या.

"शेगडी इजवलीस. पाचवीच्या आदी इजवलीस."

"व्हय."

"आता सटवाई काय लिवंल त्याच्या कपाळी?"

"काय बी लिवू द्या," मी म्हणाले. "पर लिवाया तिला पोरगं जितं लागंल."

बाळाला पदराखाली घेतलं आणि दार उघडून पडवीत आले. बाळंतीण चौथ्या दिवशी पडवीत, म्हणजे सगळ्या घराला विटाळ. मामंजी ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी तोंड फिरवलं.

"आत जा, सूनबाई. लोक बघत्यात."

"बघू द्या, मामंजी. ज्येला वाळवी त्वांड लावत न्हाई, त्येचा धूर माझ्या पोराच्या नाकात न्हाई जायचा."

"येवढं तुला कळतं आन् आमाला न्हाई?"

"तुमी गव्हाण बांदली. खोंड मरताना म्या बघितलं."

शेजारच्या साळूबाई कुंपणाशी उभ्या राहून म्हणाल्या, "अगं बया, हिला थंडी वाजत न्हाई का?" मी म्हणाले, "वाजती. शेण्या असतील तर द्या." त्यांनी दिल्या नाहीत. माझे घरधनी शेतावरून आले, माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग कुणाच्या तरी माळ्यावरून कोरड्या शेण्यांची पाटी आणून माझ्यापाशी ठेवली. जन्मात मला दिलेलं त्यांचं ते सगळ्यात मोठं देणं.

दुसऱ्या दिवशी पाचवी मी पडवीतच पुजली. आत्याबाई आल्या नाहीत. बाळ त्या रात्री पोटभर प्यालं.

पुढं घरधन्यांनी गव्हाण उपटून ओढ्याच्या दरडीत पुरली. पडवीत मी वेगळी चूल मांडली. आत्याबाईंनी मात्र माजघरातलं लाकूड कुणाला हलवू दिलं नाही. "माज्या चुलीला ह्येच लागंल," म्हणायच्या, आणि दार लावून जाळायच्या. दोन हिवाळे त्यांचा खोकला भिंतीपलीकडून मी ऐकला.

"आत्याबाई, माज्या चुलीवर भाकरी करा. म्या उठते तिथनं."

"तुज्या चुलीवर? म्या मेले का अजून?"

गेनू चालायला लागला तेव्हा त्यांच्याकडे जायचा. दारात त्या त्याला थांबवायच्या. "हितं नगं येऊ. धूर हाय," म्हणायच्या, आणि बाहेर येऊन त्याला कडेवर घ्यायच्या. ते मी पाहिलं.

गाव म्हणालं, सुनेनं पाचवीच्या आधी शेगडी विझवली म्हणून सासू खंगली. अजून म्हणणारे आहेत. म्हणोत. तीच शेगडी आज समोर आली तर मी पुन्हा विझवीन.

माझी सासू सखूबाई रखमाजी एकोणीसशे तीस सालच्या माघात, पालीच्या घरी, खोकल्यानं वारली.