तिजोरीतला राऊटर

मी एक जुना राऊटर आहे, मित्रांनो, आणि आयुष्यातले काही महिने मी अस्सल सोन्याच्या संगतीत काढले आहेत. हसू नका. तुमच्या घरातल्या राऊटरला विचारून बघा, त्याला कधी सोन्याचा वारा तरी लागलाय का ते!

माझा जन्म कुठे झाला हे मलाही नक्की ठाऊक नाही. खोक्यावर एका देशाचं नाव होतं, पोटावरच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं, आणि केबलवाल्या भाऊसोने तिसऱ्याचंच सांगितलं. जन्मतः मला दोन अँटेना होत्या. त्या ताठ करून मी एकदा विट्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या मनातला भाव ऐकला होता. पण ती गोष्ट कुणी खरी मानत नाही, म्हणून सोडून देतो. पुढचं मात्र अक्षरन् अक्षर खरं आहे.

विट्याजवळच्या एका गावात सयाजीरावांचं दुमजली स्लॅबचं घर आहे. या भागातली पुष्कळ माणसं परमुलखात गलाईची दुकानं चालवतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणं. सयाजीरावांची उमेदीची सारी वर्षं कोइमतुरात भट्टीपुढे गेली. आता दुकान मुलगा इंद्रजित बघतो. सयाजीराव गावी परतले आणि येताना दुकानातली जुनी लोखंडी तिजोरीही घेऊन आले. दुकानात ती भिंतीला बोल्टांनी आवळलेली होती. बोल्ट गेले, पाठीला भोकं राहिली.

मी घरात आलो तेव्हा माझा केवढा मान! सयाजीरावांच्या पत्नी मनुबाईंनी मला ओवाळलं. खंडेनवमीला विळा-कोयत्याच्या ओळीत बसवून माझ्या अँटेनांना झेंडूची फुलं खोवली. मी शोकेसवर बसून ऐटीत दिवे लुकलुकवत होतो. एवढ्यात वरच्या आळीतल्या कुणाची तरी मोटार चोरीला गेली. विहिरीवरची, पाण्याची. पण सयाजीरावांनी धसका घेतला. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी मला उचललं, माझ्या वायरी त्या भोकांतून ओवल्या आणि मला तिजोरीत बसवलं. डावीकडे मनुबाईंच्या पाटल्या, उजवीकडे जमिनीचे कागद, मध्ये मी.

त्यांचं तरी काय चुकलं? गलाईवाल्याच्या हाताला एकच सवय. महाग वस्तू आली की ती आत जाते.

आता ऐका सोनमची गोष्ट. सोनम म्हणजे इंद्रजितची बायको, माहेर लोणंदचं, राहायला इथे गावी सासू-सासऱ्यांजवळ. तिने एक मोठं सुरेख काम काढलं होतं. गलाईवाल्यांची मुलं देशभर विखुरलेली, कुणी कोइमतुरात, कुणी त्रिचूरला, कुणी अमृतसरला. मराठी त्यांच्या जिभेवरून हळूहळू उतरत चाललेली. गावी आली की आजीशी बोलताना मधे आईला दुभाषी म्हणून उभं करावं लागे. सोनम त्यांना दर रविवारी दुपारी इंटरनेटवरून मराठी शिकवायची. खाली शेजारणींची ये-जा आणि टीव्हीचा कालवा, म्हणून ती वरच्या खोलीत बसायची.

आणि नेमकी त्याच वेळी रेंज जायची. पडद्यावरची मुलं तोंड उघडं ठेवून गोठायची. सोनम ओरडायची, "ऐकू येतंय का? अरे, ऐकू येतंय का?" शेवटी कोइमतूरच्या प्रांजलच्या आईने फोन केला.

"ताई, राग मानू नगा. निम्मा तास 'ऐकू येतंय का' मधीच जातोय. प्रांजल आता ते एकच वाक्य शिकलीया. पुढचा रविवार बघतो आमी सगळे, न्हाई जमलं तर बंद करू."

सोनमचा चेहरा उतरला. मी पाहिला नाही, मी तिजोरीत होतो. पण तिची पावलं जिन्यावरून जड जड उतरली, ती लोखंडातूनही ऐकू आली.

मग ती शोधाला लागली. मनुबाई म्हणाल्या, "टाकीवर माकडं बसत्यात, तीच खात असतील रेंज." शेजारच्या हरणाबाईंना कुणाच्या तरी मिक्सरचा संशय. सोनमने मात्र रांगोळीचा डबा घेतला. मोबाइल हातात धरून ती घरभर फिरली. जिथे रेंज चांगली तिथे तीन ठिपके, बरी तिथे दोन, कुठेतरी एक, आणि वरच्या खोलीत टेबलापाशी अर्धा ठिपका! मनुबाई म्हणाल्या, "अगं, सणवार न्हाई आन् जिन्यावर रांगोळी कसली?"

खरी गंमत पुढेच. सकाळी जिथे तीन ठिपके, तिथे संध्याकाळी शून्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. सोनम चक्रावली. ठिपके पुसत आणि काढत तिने दोन-तीन दिवस घालवले, आणि एकदा उंबऱ्यात उभी असताना तिची नजर खाली गेली.

"आत्या," ती सासूबाईंना हळूच म्हणाली, "मामांच्या चपला दारात असल्या की रेंज असते. चपला गेल्या की रेंज जाते."

मनुबाई पोट धरून हसल्या. "तुज्या सासऱ्याच्या अंगात टावर हाय व्हय गं?"

मित्रांनो, अंगात टावर नव्हता, पण अंगात दुकान होतं. सयाजीराव घरी असले की तिजोरीचं दार उघडं टाकून तिच्यापुढे गादीवर बसत, जसे कोइमतुरात बसत. मालक बसला की तिजोरी उघडी, मालक उठला की बंद. आणि रविवारी दुपारी ते बिरोबाच्या देवळापाशी जुन्या गलाईवाल्यांशी गप्पा मारायला जात. दार बंद झालं की मी आतून जीव तोडून लाटा सोडायचो, त्या लोखंडावर आपटून माझ्याच अंगावर यायच्या. भोकांतून एखादी निसटली तर निसटली. मी तापून लाल व्हायचो. त्या काळात मनुबाईंच्या पाटल्यांना मात्र जिल्ह्यातली सर्वांत जोरदार रेंज मिळत होती.

सोनमने सासऱ्यांना कधी विचारलं नव्हतं असं नाही. "मामा, तो डबा कुठं ठेवलाय?" "हाय नीट जागंला, काळजी नगं." एवढ्यावर सून परत फिरायची. सासऱ्याच्या तिजोरीत डोकावणार कशी? म्हणून मनुबाई कामाला लागल्या. त्यांनी भजी तळून नवऱ्यापुढे ठेवली आणि शेजारी बसल्या. ठरल्याप्रमाणे सोनम मोबाइल बघत वरून ओरडली, "आहे, आहे!" सयाजीराव हात पुसत उठले, तिजोरीचं दार घर्रकन लावलं.

"गेली!" वरून हाक आली.

मनुबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "उघडा."

"काय उघडा?"

"आवं, तिजुरी उघडा म्हंते मी. काय कोंडलंय त्यात?"

दार उघडलं. मी दिवे मिचकावत त्यांच्याकडे बघत होतो. जिन्यात सोनम उभी.

"म्हाग वस्तू हाय," सयाजीराव पुटपुटले. "उघड्यावर बांधाय ती काय शेरडी हाय?"

"मामा," सोनम सांभाळून म्हणाली, "दिवा लावून पेटीत ठेवला तर उजेड कुणाला?"

सयाजीरावांनी तिजोरीत हात घातला. मला बाहेर काढताना त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं.

मला पुन्हा शोकेसवर बसवलं. खाली तीन ठिपके पक्के झाले. वरच्या खोलीत मात्र एकच. मधल्या स्लॅबच्या पोटात सळयांची जाळी, तिच्यातून जाता जाता माझा दम संपे. रविवार तोंडावर आला. इंद्रजितने कोइमतुराहून फोन करून नवा, चार अँटेनांचा राऊटर मागवला. भाऊसोने तो शोकेसवर लावला आणि मला उलटा धरून म्हणाला, "ह्यो आता भंगारात."

माझे दिवे विझलेले होते, नाहीतर ते नक्की विझले असते.

"भंगारात?" सयाजीरावांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं. "गड्या, आमच्या धंद्यात दुकानातला केरसुदिक टाकत न्हाईत. केरात सोनं असतं. चाळतो, आटवतो, आन् काढतो. ह्यो तर आक्का डबा हाय!" आणि ते मला घेऊन थेट वर गेले, सोनमच्या टेबलावर ठेवलं, पिन खोचली. "घे पोरी. आता वरबी झालं."

दिवे लागले. इंटरनेट नाही. तहानलेल्याच्या शेजारी रिकामी घागर ठेवल्यासारखं झालं. मला खालून काही मिळेना, मी वाटू काय?

"खालनं वायर वर आणावी लागंल," भाऊसो म्हणाला. "स्लॅबला भोक पाडायचं?"

"स्लॅब कशाला फोडतूस रं? टाकीच्या पायपाला भोक हाय की जिन्यात. त्यातनंच घाल," सयाजीराव म्हणाले.

वायर पाइपाशेजारून वर आली, भाऊसोने माझ्या पोटातल्या सेटिंग्ज बदलल्या, मला खिडकीच्या वर उंच फळीवर बसवलं. सोनमने टेबलापाशी रांगोळीचे ठिपके टाकले. एक. दोन. तीन.

रविवारी वर्ग भरला. कुणी गोठलं नाही, कुणी तुटलं नाही. एकाएकी दारात सयाजीराव दिसले. त्या दिवशी ते देवळाकडे गेलेच नव्हते. सोनमने त्यांना कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि म्हणाली, "मामा, यांना केराची गोष्ट सांगा."

सयाजीरावांनी कोइमतूरचं दुकान सांगितलं, भट्टी सांगितली, केर चाळून निघालेला सोन्याचा कण सांगितला. मुलं पापणी न हलवता ऐकत होती. इतकी, की सयाजीराव घाबरले. त्यांना वाटलं, पडदा गोठला. पुढे वाकून त्यांनी मोठ्याने विचारलं, "ऐकू येतंय का रं?"

कोइमतुरातून, त्रिचूरहून, अमृतसरहून एकदम आरोळी आली, "येतंय!" आणि प्रांजल म्हणाली, "आजोबा, फुडं सांगा की."

तिला आता दुसरं वाक्यही येत होतं. सोनमने पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे उगाच एकदा वर बघितलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही असेल माझा एखादा भाऊ. त्याला कपाटात, टीव्हीमागे, डब्यांच्या आड कोंडू नका. उंच, उघड्यावर बसवा, वरचेवर धूळ पुसा. आणि नवा आला म्हणून जुना लगेच टाकू नका, आधी चाळून बघा. जपणं म्हणजे नुसतं कुलूप नव्हे.

माझ्या जागी तिजोरीत आता जमिनीचे कागद ऐसपैस पसरलेत. पाटल्यांची रेंज गेली, पण त्यांची अजून तक्रार आलेली नाही.