भावकीने तपासलेला जबडा

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे. दचकू नका, प्लास्टरचा आहे, चावत नाही. ज्या माणसांच्या हातांतून मी फिरलो त्यांना चावावंसं मला फार वाटलं. पण माझ्या पुढच्या दातांत बोटभर फट आहे. त्यामुळे ती माणसं वाचली.

माझा जन्म कराडच्या एका दातांच्या दवाखान्यातला. शिवांजली नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीच्या तोंडात डॉक्टरीणबाईंनी गुलाबी लगदा दाबला, ठसा घेतला, त्यात प्लास्टर ओतलं आणि मी तयार झालो. माझ्यातली खोट माझी नाही, हुबेहूब तिची आहे. तिचे मागचे दात टेकतात, पुढचे टेकतच नाहीत. भाकरीचा तुकडा तिला तोडता येत नाही. बोटांनी चुरून मागे सारावा लागतो. म्हणून ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपला डबा सगळे उठून गेल्यावर खाते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसत्या तारांनी हे जुळणार नाही. आधी तारा, मग ऑपरेशन. वरचा जबडा कापून थोडा वर बसवावा लागेल. घाई नको. सांगलीच्या सर्जनचं मत घ्या."

तिचे वडील लालासाहेब म्हणाले, "व्हय, चार लोकांचं मत घेतो."

आणि घेतलं की! सर्जन सोडून चार लोकांचं.

रविवारी मला स्टीलच्या डब्यात घालून पाटणजवळच्या त्यांच्या गावी नेलं. भावकी जमली. बांधाची भांडणं, सोयरिकी, बोअर कुठं मारायची, सगळं हीच मंडळी ठरवतात. जबडा तेवढा राहिला होता.

पहिला मान थोरले चुलते शंभूराज यांचा. "बावीस वर्सं फौजंत मेडिकलला होतो मी," ते म्हणाले. होते खरे, गाडीवर ड्रायव्हर. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेलं, हुंकार भरला आणि निकाल दिला, "वरच्या जबड्यात कायबी बिघाड न्हाई!"

मित्रांनो, मी त्यांच्या हातात उलटा होतो. वरचा म्हणून ते माझा खालचा बघत होते, आणि खालच्यात खरोखरच बिघाड नव्हता. निदान अचूक होतं, जबडा तेवढा चुकला.

मग पुतण्या वीरधवलने मोबाईलवर कुठलातरी व्हिडिओ लावला. "ह्ये बघा, करवत घालत्यात!" ते पाहून बनुबाई आत्या किंचाळल्या. मी नेमका त्यांच्या हातात होतो. फरशीवर आपटलो आणि माझा पुढचा एक दात गेला.

"बघा, अपशकुन झाला!" आत्या म्हणाल्या. "त्यापरीस लगीन उरकून घ्या. मग पोरगी त्यांची, जबडा बी त्यांचाच. फोटूत तेवढं तोंड मिटून बस म्हणावं."

सगळ्यांनी माना हलवल्या. शिवांजली चहा देत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ती काय, फक्त जबड्याची मालकीण.

ट्रे खाली ठेवून तिनं मला उचललं आणि वडिलांना म्हणाली, "आबा, मी उद्या सांगलीला चाललेय. येणार का?"

"अगं, पर भावकी न्हाई म्हणती."

"भावकी माझ्या ताटात जेवती का?"

सकाळी लालासाहेब एसटीत तिच्या शेजारी येऊन बसले.

सांगलीच्या सर्जननी मला हातात घेतलं. सुलटं. असा अनुभव मला नवा होता. "हा दात कधी तुटला?"

"तो भावकीनं तोडला," शिवांजली म्हणाली आणि तिनं प्रश्नांचा कागद काढला. ओठ बधिर होईल का? होईल, काही महिने. क्वचित कायमचाही राहतो. पातळ खाणं किती दिवस? पाच-सहा आठवडे. आणि नाहीच केलं तर?

"जिवाला धोका नाही. आज जशा जेवता, तशाच जेवाल."

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तसं नको. करायचं."

तारा लागल्या, दीड वर्षाने ऑपरेशन झालं. तोंड सुजलेलं, दात रबरांनी बांधलेले, बोलायची सोय नाही, अशा वेळी भावकी भेटायला आली. शंभूराज खुर्चीत बसता बसता म्हणाले, "म्या तवाच म्हणलो व्हतो, करून टाका!"

लालासाहेब जन्मात थोरल्या भावाला उलट शब्द बोलले नव्हते. "न्हाई दादा," ते म्हणाले, "तुमी न्हाई म्हणला व्हता. आन् मी ऐकत व्हतो, माजं चुकलं."

शिवांजलीने वडिलांचा हात धरला.

आता तिच्या दातांचा नवा साचा झालाय, त्यात पुढचे दात टेकतात. मी कपाटावर धूळ खात पडलोय. माझी काळजी नको, प्लास्टरला भूक नसते. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटंच जेवत असेल, तर गावभर मतं गोळा करत हिंडू नका. आपलं ताट घेऊन शेजारी बसा आणि विचारा, "तुला खाता येतं का गं?"