चाचणी केली: ताई

इथे आलो १.
इथे आलो २.

•

मॉनिटर जुना आहे. झोपेतून उठायला त्याला म्हाताऱ्या माणसाइतका वेळ लागतो.

•

आमच्या घराचा नियम: आवाज नाही म्हणजे सगळं ठीक.

•

“काळी म्हणजे कशी काळी?”
“दिवा आहे. चित्र नाही. डोळे मिटल्यावर दिसतं तसलं काळं.”

•

मंगळवार, दुपारी तीन बावन्न. मेल आली. एकच शब्द: घेतला.

•

आता नीट सांगतो.

ताई माझी मोठी बहीण. छापखान्यात प्रुफं तपासायची. चार वर्षांपूर्वी तिच्या हातातून पेन्सिल पडायला लागली, मग कप पडायला लागला, मग चालता चालता ती स्वतः. स्नायू एकेक करून संपावर गेले. शेवटी जीभ गेली. राहिला फक्त उजव्या हाताचा अंगठा.

त्या अंगठ्याखाली मी एक लाल बटण बसवलं. समोर मॉनिटर, त्यावर अक्षरांची पाटी. बटण दाबलं की पाटीतल्या ओळी वरून खाली एकेक करून उजळतात. आपली ओळ आली की दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. वाक्य झालं की ‘बोल’ निवडायचं, मशीन वाचून दाखवते. पाटीच्या पहिल्याच घरात ‘हाक’. ती निवडली की घरभर घंटा वाजते. तिच्या घशात कफ अडकला की ती हाक मारायची आणि आम्ही धावत जाऊन नळीने तो काढायचो. दिवसातून दहा-बारा वेळा.

घंटा मॉनिटरच्या स्पीकरमधून वाजायची. चित्र आणि आवाज एकाच केबलने जात होते. यात मला तेव्हा काही वावगं दिसलं नाही.

मी एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर काम करतो. तिचा कोड जगात कुणालाही उघडून वाचता येतो, दुरुस्त करून पाठवता येतो. माझ्याकडे त्यातला एक कोपरा आहे, डिस्प्ले ड्रायव्हर. स्क्रीनशी बोलणारा भाग. पगार नाही.

“म्हणजे हमाली, तीही फुकटची,” दाजी म्हणायचे. दाजी म्हणजे ताईचे यजमान.

“तुमची नाही का फुकटची?” ताईची मशीन म्हणायची. मशीनचा आवाज घोषणा करणाऱ्या बाईसारखा सपाट. त्या आवाजात टोमणा मारायचा म्हणजे कसब लागतं. ताईला ते होतं.

•

आवृत्ती एक

दुपारी ताई डोळे मिटून पडायची. वीस मिनिटांनी मशीन झोपायची. बटण दाबलं की उठायची, पण कधी कधी स्क्रीन काळीच राहायची.

ताईने चार दिवसांत जो छडा लावला तो मी महिनाभर लावू शकलो नसतो. “थोडा वेळ झोपली तर उठते. बराच वेळ झोपली तरच अडकते. आवाजही जातो. लिहून घे, टिल्लू.” टिल्लू म्हणजे मी. वय एकेचाळीस.

“तुला कसं कळलं आवाज जातो? दिसत नसताना निवडलंस कसं?”

“पाटी पाठ आहे. मोजते मनात. डोळे मिटून लिहून दाखवू?”

दाखवलं. ‘टिल्लू गाढव आहे’. एकही चूक नाही.

ड्रायव्हर कुठे अडकतो ते बघायला मी कोडमध्ये दोन ठिकाणी संदेश टाकले. कोड तिथपर्यंत पोचला की ‘इथे आलो १’, ‘इथे आलो २’ असं नोंदीत उमटायचं. मग अडचणीची वाटलेली एक पायरी पुढेमागे केली. स्क्रीन उठू लागली. ताई रोज झोपवून उठवून बघायची. मी तो बदल, आमच्या भाषेत पॅच, कर्नलवर काम करणाऱ्यांच्या मेल-यादीवर पाठवला.

आमच्याकडे पद्धत आहे. पॅचच्या खाली, ज्याने तो खऱ्या मशीनवर वापरून पाहिला त्याचं नाव लिहितात. ‘चाचणी केली’, आणि पुढे नाव. ते कायमचं राहतं. मी तिचं पूर्ण नाव लिहिलं होतं. इथे ताईच म्हणतो.

मी स्क्रीनवर तो मजकूर तिला दाखवला. 

“पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या,” मशीन म्हणाली. “नाव पहिल्यांदा छापून येतंय.”

•

आवृत्ती दोन

आमच्या कोपऱ्यावर एक बाई देखरेख करतात. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. मनात त्यांना मास्तरीण म्हणतो. त्यांचं उत्तर आलं: “बदल ठीक वाटतो. त्या बडबडीच्या दोन ओळी काढा आणि पुन्हा पाठवा.”

बरोबरच होतं. असे संदेश काढूनच पाठवायचे असतात. आवरायचं राहून गेलं होतं. काढले.

पद्धतीचा दुसरा अर्धा असा: कोड बदलला की चाचणी करणाऱ्याचं नाव खोडायचं. नव्याने चाचणी, मग नाव. हे मी इतरांना दहादा सुनावलं आहे. पण ते नाव खोडायला हात होईना. आणि बदल तो काय, तर दोन ओळी गेल्या, त्याही बडबडीच्या. नाव तसंच ठेवून रविवारी पाठवलं.

मग मन खाऊ लागलं. तिने न तपासलेल्या गोष्टीवर तिचं नाव. मंगळवारी सकाळी मी ती नवी आवृत्ती तिच्या मशीनवर चढवली. उशिरा का होईना, चाचणी झाली असती, नाव खरं ठरलं असतं.

“काय करतोयस?”

“काही नाही. जरा अपडेट.”

“परत?”

खरं सांगायचं तर नाव खोडायला हवं होतं हेही सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं. मशीन एकदा झोपवली, लगेच उठवली. उठली.

•

दुपारी दाजी नळ्या आणायला गेले. मी शेजारच्या खोलीत होतो. दार उघडं. आवाज नव्हता.

तीन बावन्नला मेल आली. मास्तरणीने पॅच घेतला होता, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील केला होता. मी अजून दोन मेलना उत्तरं दिली. चार वाजून पाच मिनिटांनी ताईला बातमी द्यायला उठलो.

मॉनिटरचा दिवा चालू होता. चित्र नव्हतं.

•

मशीन सगळं लिहून ठेवते. आठव्या दिवशी मी ती नोंद उघडली.

३:०९ मशीन उठली.
३:२६ मजकूर: टिल्लू स्क्रीन काळी. दिवा आहे चित्र नाही. बराच वेळ झोपल्यावर. आवाज बघते. सकाळी नवीन चढवलंस का
३:२७ बोल.
३:३१ हाक.
३:३१ हाक.
३:३२ हाक.

अशा सतरा. शेवटची तीन बेचाळीसला.

मजकुरात दोन अक्षरं चुकली होती. दोन्ही वेळा तिने, काहीही दिसत नसताना, मागे जाऊन दुरुस्त केली होती.

कारण शोधायला तासही लागला नाही. पायरी पुढेमागे केल्याने काहीच झालं नव्हतं. मॉनिटरला गाढ झोपेतून उठायला किंचित वेळ लागत होता आणि ड्रायव्हर त्याआधीच चित्र पाठवून मोकळा होत होता. ‘इथे आलो’ या दोन ओळी नोंदीत उमटायला साठ मिलिसेकंद लागायचे. तेवढ्यात मॉनिटर जागा व्हायचा.

•

दाजी टॉवेलच्या घड्या घालत होते. तिचे टॉवेल धुऊन झाले होते, तरी त्यांनी पुन्हा धुतले होते.

“तिने हाक मारली नाही का रे?”

मी आठ दिवस याच प्रश्नाची वाट बघत होतो. नाही म्हणालो असतो तर तिथेच मिटलं असतं. नोंद माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हती.

“मारली. सतरा वेळा.”

त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली.

“मग?”

“घंटा वाजली नाही. माझ्यामुळे. मी कोडमधून दोन ओळी काढल्या आणि तिला न सांगता मशीनवर चढवल्या.”

“कसल्या ओळी?”

“इथे आलो, अशा. नुसत्या नोंदीला.”

“आणि तू कधी आलास?”

“चार वाजून पाच मिनिटांनी.”

दाजींनी टॉवेल कपाटात ठेवले, कपाट लावून घेतलं आणि त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले.

•

आवृत्ती तीन

ड्रायव्हरमध्ये चित्र पाठवण्याआधी ऐंशी मिलिसेकंद थांबणं घातलं. बदल एका ओळीचा. खाली लिहिलं की माझ्या आधीच्या पॅचने काहीच दुरुस्त केलं नव्हतं आणि त्यावरचं चाचणीचं नाव मी चुकीने ठेवलं होतं. पुढे ‘कळवलं: ताई’.

मास्तरणीचं उत्तर तासात आलं: “छान शोधलंत. कळवणाऱ्या व्यक्तीकडून या आवृत्तीची चाचणी करून घ्या, मग घेते.”

मी लिहिलं: “ती आता नाही.”

तीन दिवस काही आलं नाही. मग आलं: “दुसरं कुणी?”

मॉनिटर अजून तिच्याच खोलीत होता. मशीन झोपवायची, पाऊण तास थांबायचं, बटण दाबायचं. पहिल्या दिवशी दाजी दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी आत आले, तिच्या खुर्चीत बसले, लाल बटण अंगठ्याखाली घेतलं.

“केव्हा दाबू?”

“अजून बारा मिनिटं.”

बारा मिनिटं आम्ही काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. पाटी आली. पहिल्या घरात ‘हाक’ उजळली. दाजींनी ती निवडली. घरभर घंटा वाजली आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.

असं चाळीस वेळा केलं. एकदाही चुकलं नाही.

“तुमचं नाव घालू?” मी विचारलं.

“नको,” दाजी म्हणाले. “माझ्या नावाखाली पुन्हा काहीतरी बदलशील.”

‘चाचणी केली’ ही ओळ न घालताच पाठवलं. मास्तरणीने घेतला.

•

पहिली आवृत्ती ताईच्या मशीनवर एकोणीस दिवस चालली. स्क्रीन एकदाही काळी झाली नाही.