ठशावाचून आशीर्वाद

सुज्ञ वाचकहो, जगातील सर्वांत चिमुकल्या धर्मराज्याच्या तटाबाहेर एका वृद्धेच्या घरचा आशीर्वाद कसा अपुरा राहिला, ते वृत्त आता सविनय निवेदन करीत आहे.

त्या राज्यात शेत नाही, गिरणी नाही. टपालाची तिकिटे, नाणी, चित्रांची दालने आणि आशीर्वाद यांवर त्याचा संसार चाले, आणि त्या संसाराच्या सांडलवंडीवर तटाबाहेरची गल्ली जगे. एर्सिलिया अडतीस वर्षे दुइलियोच्या दुकानासाठी धर्मगुरूंच्या नावाची आशीर्वादपत्रे लिहीत असे. वधूवरांची नावे ती सोनेरी शाईने रेखी. मग पत्र तटाआत जाई व कोरड्या, बिनशाईच्या ठशाचा उंचवटा घेऊन परते. ठशाचे ते यंत्र तिचा पती ओरेस्ते निवृत्तीपर्यंत दाबीत होता. आता त्याची दृष्टी गेली होती.

येत्या रविवारी त्यांच्या विवाहास पन्नास वर्षे होणार होती.

"एर्सिलियाबाई, संपलं सगळं," दुइलियो म्हणाला. "दुकानांचे परवाने बंद. आता आशीर्वाद आतलं खातंच देणार. पैसा गरिबांना जाणार म्हणे."

"मग आपण कोण, कार्डिनल?"

"आपण उद्यापासून गरीब. लागू रांगेत!"

"पण आमच्या पन्नाशीचा कागद?"

"परवाच्या गठ्ठ्यात होता की! तुम्हीच काढलात, त्या पोलिश जोडप्याची घाई म्हणून. तोच शेवटचा गठ्ठा."

गठ्ठ्यात पत्रे मोजकीच घेत. आपले पुढच्या खेपेस जाईल, असे तिला वाटले होते. अडतीस वर्षे पुढची खेप होतीच.

ती पत्र घेऊन तटाआतील कचेरीत गेली. कारकून नम्र होता.

"आजी, बाहेरचा कागद आता चालत नाही. अर्ज भरा, छापील पत्र टपालानं येईल."

"छापील?"

"यंत्राचं अक्षर सुंदर येतं हो!"

रविवारी चर्चमधील मिस्सा आटोपल्यावर तिने आपले पत्र ओरेस्तेच्या मांडीवर ठेवले. त्याची बोटे सोनेरी नावांवरून सरकत खालच्या कोपऱ्यात गेली. तेथे थांबली. पुन्हा फिरली.

"ठसा लागत नाही गं हाताला."

"थंडीनं बोटं बधिर झालीत तुझी."

ज्या हातांनी हजारो ठसे उमटविले, ते त्याने एकमेकांवर चोळले.

"असेल," तो म्हणाला. "शिवाय हल्लीची पोरं दाब कुठं देतात नीट!"

आणि तो गुळगुळीत कोपरा त्याने तळहाताने झाकून घेतला.

आपण हे वृत्त सहृदयतेने वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

आपला नम्र,
इनास रुमाव