ड्रायव्हरचा घोट

व्हिस्की चाखायच्या बैठकीला रोरी मला नेतो, असं गावाला वाटतं. खरं म्हणजे मीच त्याला नेते. माझा नवरा पितो आणि मी गाडी चालवते. लग्न झाल्यापासून हेच. इथे स्कॉटलंडात, डफटाउनच्या हॉलमध्ये भिंतीकडची खुर्ची माझी, बाहेरची त्याची. तो सरकल्याशिवाय मला उठतासुद्धा येत नाही. माझ्यापुढे पाण्याचा ग्लास आणि दोन ओटची बिस्किटं.

ड्रायव्हरला चुटपूट नको म्हणून त्याचा वाटा इवल्याशा बाटलीत भरून देतात, घरी जाऊन प्यायला. माझ्या बाटल्या घरी पोचतात, पण सोमवार काही बघत नाहीत. "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणत रोरी गट्टम करतो.

त्या रविवारी दुपारी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. बैठक भरवणारी नेटा कारखान्यांकडून एकेक पिंप विकत घेते आणि आपल्या बाटल्यांत भरते. या खेपेला तिला ग्लेनकारीचं एक जुनं पिंप मिळालं होतं. ग्लेनकारीच्या भट्टीवर माझ्या बाबांनी हयात घालवली. तिथला सगळा माल दुसऱ्यांच्या मिश्रणात जायचा. बाटलीवर ग्लेनकारीचं नाव कधी आलंच नाही. मग कारखाना बंद पडला आणि बाबाही गेले. त्यांच्या हातचं निखळ असं मी कधी चाखलंच नव्हतं.

"ही माझ्याकडची शेवटची बाटली, बाकीच्या विकल्या गेल्या," नेटा म्हणाली. "पाण्याचे थेंब घाला, हुंगा, मग प्या. घाई नको."

रोरीने ग्लास घशात रिकामा केला. "सासरेबुवांचा हात जरा जडच होता हं!" सगळे हसले. मला त्याचा भयंकर राग आला.

नेटाने सवयीने माझा वाटा छोट्या बाटलीत ओतून झाकण लावलं. मी ती मुठीत धरली.

"आण इकडे, खिशात ठेवतो," रोरीने हात पुढे केला.

"बाबांची आहे रे ती."

"मग काय पळून जातेय? घरी गेल्यावर बघू. गाडी चालवायचीय ना तुला, शहाणे?"

घरी गेल्यावर काय होणार ते मला पाठ होतं. आणि इथे घोट घेतला, तर गाडीला हात लावायची सोय नाही. एकीकडे भिंत, दुसरीकडे त्याचा पसरलेला हात.

मी झाकण काढलं. बाबा कामावरून आले की त्यांच्या स्वेटरला यायचा तोच वास आला, ओल्या सातूचा आणि कोळशाचा. डोळे भरून आले. मी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

"अगं ए! आता घरी कसं जायचं? रविवारी बसपण नसते!"

"नसते ना." मी गाडीची किल्ली त्याच्या रिकाम्या ग्लासात टाकली. "आज तूही जरा अडकून बघ. आणि सरक. मला उठायचंय."

तो सरकला.