दुरुस्तीला दिलेला चष्मा

"जरा मोठ्यानं वाचून दाखवा," वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या सुताराच्या हातात त्याचंच प्रतिज्ञापत्र दिलं.

घड्याळं-चष्मे दुरुस्त करणारे घड्याळजी मागच्या बाकावर पुढे सरकून बसले. वकीलबाई त्यांच्याच बाजूच्या, खटल्यातले वादीही तेच. तरी त्यांना वाटलं, धावत जावं आणि तो कागद हिसकावून घ्यावा. सुताराला वाचता येत नाही, हे त्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

चर्चमध्ये दोघं पोरवयापासून एकाच बाकावर बसत. गीतपुस्तक दोघांत एक. घड्याळजी वाचून गात आणि सुतार अर्धा शब्द मागे राहून त्यांच्या तोंडून शब्द उचलत असे. आवाज मात्र असा खणखणीत, की बाकीच्यांना वाटे, हाच पुढे गातोय. पुढे तो चर्चच्या पंचांतही निवडून आला. सहीपुरती अक्षरं घड्याळजींनीच त्याच्याकडून गिरवून घेतली होती.

मग मुदत संपूनही चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, खुर्ची सोडेनात. सभेनं मला पुन्हा निवडलं, असं सांगून त्यांनी चर्चचं बँक खातंही एकट्याच्या सहीचं करून घेतलं. त्या खात्यात छपराचा निधी होता आणि त्या निधीत घड्याळजींच्या बायकोच्या बांगड्या. "बांगड्या गेल्या आणि पाणी अजून डोक्यावर पडतंय," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. प्रकरण कोर्टात गेलं, मंडळीत दोन तट पडले. सुताराला पडत्या काळात पाळकांनी काम दिलं होतं, तो त्यांच्याकडे गेला. पलीकडच्या बाकावर बसून तो नुसते ओठ हलवी. घड्याळजींना ते बघवत नसे.

सकाळीच वकीलबाईंनी विचारलं होतं, "काका, तुमचा जुना दोस्त ना हा? याच्या साक्षीवर त्यांची सगळी केस उभी आहे. काही कच्चं असेल तर आत्ताच सांगा."

"साधा माणूस आहे हो. कच्चं कसलं आलंय?"

आणि आता हे. सुतार कागदाकडे बघत राहिला, मग खिसे चाचपू लागला. त्याचे कान लाल झाले होते. "चष्मा... चष्मा राहिला वाटतं घरी."

"तुम्ही चष्मा लावता? मागच्या तारखेला तर दिसला नाही," वकीलबाई पुढे सरकल्या.

घड्याळजी उभे राहिले. "साहेब, त्याचा चष्मा माझ्याकडे आहे. दुरुस्तीला. दांडी तुटली होती."

"काका, खाली बसा," वकीलबाई दातओठ खात पुटपुटल्या.

न्यायाधीशांनी मान वर केली. "वादी प्रतिपक्षाच्या साक्षीदाराचे चष्मे दुरुस्त करतात?"

"पोटासाठी सगळंच करावं लागतं, साहेब."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशही मिशीत हसले आणि त्यांनी कारकुनाला वाचायला सांगितलं. कारकून एका सुरात वाचू लागला: सभेत माझ्यासमक्ष मतमोजणी झाली, खात्याचे सर्व अधिकार पाळकांना देण्यास उपस्थितांनी संमती दिली...

"थांबा," सुतार म्हणाला. "हे मी नव्हतं सांगितलं. मतं मोजलीच नाहीत. प्रार्थना झाली, चहा झाला, घरी गेलो. पाळकसाहेब भले आहेत, एवढंच मी म्हणालो होतो. ते आहेतच. पण हे खोटं आहे."

"मग सही कशी केलीत?" वकीलबाईंनी विचारलं.



"विश्वासानं," सुतार म्हणाला.

वकीलबाईंना हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही आणि घड्याळजींचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सुतार दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. "झाला का माझा चष्मा?"

"कसला चष्मा रे, गाढवा?"

"तूच बोललास की भर कोर्टात. आता जो तो विचारतोय."

घड्याळजींनी खणातून एक जुनी फ्रेम काढली, तिच्यात साध्या काचा बसवल्या आणि त्याच्या नाकावर चढवली. सुतारानं आरशात पाहिलं. "शिकलेला दिसतोय की मी!" मग हळूच म्हणाला, "तुला सांगून टाकता आलं असतं."

"काय सांगायचं होतं?" घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि समोरच्या घड्याळात डोकं घातलं.

पुढच्या महिन्यात निकाल लागला. पाळकांची नेमणूक रद्द, देखरेखीखाली नवी निवडणूक, तोवर खातं कोर्टाच्या माणसाकडे आणि पहिला खर्च छपराचा. पाळकसाहेबांनी सगळ्यांशी हात मिळवून निरोप घेतला, तेव्हा घड्याळजींना त्यांचंही वाईट वाटलं.

रविवारी घड्याळजींनी कोर्टातल्या खोट्याबद्दल देवाची क्षमा मागितली. पश्चात्ताप मात्र काही केल्या होईना. डोळे उघडले तर शेजारी सुतार येऊन बसला होता, चष्म्यासकट.

"भावजी, चष्मा शोभतो हो तुम्हाला," मागच्या बाकावरून घड्याळजींची बायको कुजबुजली. "लागलाच का नंबर?"

"वय झालं, वहिनी."

सगळे उभे राहिले. घड्याळजींनी गीतपुस्तक उघडून दोघांच्या मधोमध धरलं आणि पहिला शब्द नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, जरा लांबवून म्हटला. अर्धा शब्द मागून तो खणखणीत आवाज आला.